दोन ताडांचं खाचर

हादेरा दगड वाहत होती आणि गावाला वाटत होतं, ती पेंढा गोळा करतेय.

कापणी उरकली होती. खाचरं वाळून भेगाळली होती. ओढ्यातून एक चपटा दगड शोधायचा, पाटीत घालायचा, वर पेंढा पसरायचा, पाटी डोक्यावर घ्यायची आणि बांधावरून चालत दोन ताडांच्या खाचरात यायचं. तिथं तिनं पेंढ्याची उडवी रचली होती. दगड उडवीच्या पोटात जायचा. मग ती ताडाच्या बुंध्याला टेकून बसायची. बसली की उठावंसं वाटायचं नाही. साठी उलटली होती. मान दुखायची, गुडघे दुखायचे. न दुखणारं काय उरलंय हे तिला आठवून पाहावं लागायचं.

"इंदो, एवढा पेंढा कशाला गं?" बांधावरून मोटरसायकल ढकलत नेणाऱ्या एकानं विचारलं. इंदो म्हणजे आई. लाजारे गावात तिच्याहून लहान असलेले सगळेच तिला इंदो म्हणत. "म्हैस तर विकलीस."

"गादी भरायचीय."

"कुणासाठी? नवरा बघितलास की काय?"

"बघितलाय. तुझ्या सासऱ्यालाच विचार, हो म्हणतोय का."

तो हसत पुढे गेला. तीही हसली होती. हसताना बरगडीत कळ आली.

हे खाचर तिचं होतं. तसं लग्नाच्या दिवशी सगळ्या गावानं ऐकलं होतं. इमामानं नवरदेवाचा, तांगकेचा अंगठा आपल्या अंगठ्याला भिडवला आणि मेहर, म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायचं लग्नाचं देणं, मोठ्यानं उच्चारलं: दोन ताडांचं खाचर, चारी बांधांसकट. ओटीवर बसलेल्यांनी ऐकलं, जिन्यावर उभ्या असलेल्यांनी ऐकलं, खांबांवरल्या घराखाली पातेली घासणाऱ्या बायकांनी ऐकलं. हादेरा आतल्या खोलीत होती. तिनं भिंतीच्या फटीतून ऐकलं. हातातल्या बांगड्या उसन्या होत्या, जरीचा झगा भाड्याचा होता. खाचर मात्र खरं होतं.

चार दिवसांनी सासरा म्हणाला, "खाचर तुझंच आहे, पोरी. पण एकटा तुकडा काय कसणार? थोरला सगळं एकत्र बघतो. बघू दे."

थोरला म्हणजे सानुसी, तांगकेचा भाऊ. चार दिवसांच्या सुनेनं यावर काय बोलायचं?

मग तांगके समुद्रापलीकडे गेला, तावाऊच्या पाम तेलाच्या मळ्यात. लाजारेतले निम्मे पुरुष तिकडेच जात. सुरुवातीला निरोप येत, कापड येई, एकदा भिंतीवरचं घड्याळ आलं. पुढं निरोप आला की त्यानं तिकडे दुसरं घर केलं. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी निरोप आला की तो वारला. दोन्ही वेळा हादेरा तांदूळ निवडत होती. दोन्ही वेळा तिनं सूप बाजूला ठेवलं नाही. दुसऱ्या वेळी निदान उघड रडता आलं. मूलबाळ नव्हतं.

तांगके तावाऊला निघाला त्याच हंगामात सानुसी आला. जिन्याच्या पायथ्याशी उभा राहिला.

"तू एकटी," तो म्हणाला. "नांगर मी घालतो, बी माझं. लावणी, बेणणी, कापणी तू कर. पीक निम्मं-निम्मं."

लाजारेत दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला निम्मं मिळतं. हादेरा स्वतःच्या मेहरावर अर्धेलीनं राबू लागली. तिला कळलं नव्हतं असं नाही. पण तेव्हा भात हवा होता.

सानुसी वाईट माणूस नव्हता. ती तापानं पडली तेव्हा त्यानंच डॉक्टर आणला होता. तळ्यातले मासे आले की तिच्या जिन्याला एक जुडी अडकवलेली असे. हज करून आला तेव्हा तिच्यासाठी पांढरी ओढणी आणली होती. तेव्हापासून गाव त्याला आदरानं पुआंग म्हणू लागलं, तीही म्हणू लागली. दर वर्षी पेरणीआधी तो त्याच पायथ्याशी येऊन सांगे, यंदा अमुक बी टाक. ती टाकी.

तिनं विचारून पाहिलं होतं.

"पुआंग, ते खाचर माझं मेहर आहे ना?"

"मग कुणाचं? तुझंच आहे. मी कुठं नाही म्हणतो?"

"मग मला वेगळं करून द्या."

"वेगळं? आपल्यात कधी तुझं-माझं केलंय का मी? सांग, केलंय?"

केलं नव्हतं. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. हो म्हणणाऱ्याशी कसं भांडायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. काही वर्षांनी पुन्हा विचारलं. तेच उत्तर, तोच हसरा चेहरा. त्यानंतर तिनं विचारणं सोडलं. तीस वर्षं लावणीच्या चिखलात वाकून तिची पाठ तशीच राहिली होती.

यंदा कापणीनंतर सानुसी आला तो एकटाच नव्हता. बरोबर मुलगा होता, निकेलच्या खाणीतून परतलेला, नवे बूट घातलेला. मुलगा घराकडे पाहत नव्हता. घराखालच्या जमिनीकडे पाहत होता.

घर हादेराच्या बापानं बांधलेलं. जागा सासऱ्याची, आता सानुसीची. लाजारेत घर एकाचं आणि खालची जमीन दुसऱ्याची, यात नवल नाही. घर खांबांवर उभं असतं आणि खांब दगडांवर. जमीन मालकाला हवी झाली की घर उचलतात आणि दुसरीकडे नेतात. मोडत नाहीत, पाडत नाहीत. अख्खं नेतात, खांदे लावून.

"याला रस्त्याकडेला विटांचं घर बांधायचंय," सानुसी म्हणाला. "फरशीचं. तू सुबैदाच्या अंगणात जा. बहीण आहे तुझी. म्हातारपणी दोघी एकमेकींना पाणी द्याल."

"घर उचलायला माणसं कुठं आहेत, पुआंग? गावात म्हातारे आणि पोरं."

"ते माझ्यावर सोड. आजूबाजूच्या वाड्यांतून बोलावतो. मशिदीतून मी स्वतः पुकारतो. शुक्रवारच्या नमाजानंतर. घराच्या मधल्या, नाभीच्या खांबाला मी खांदा देईन, मग तर झालं?"

हादेरा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. तिला एकदम वाटलं, आपण खूप दिवसांनी नीट बसलो आहोत.

"झालं," ती म्हणाली. "पुकारा."

आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांतले पुरुष तिच्या शब्दावर कधीच आले नसते. त्याच्या शब्दावर येणार होते. त्या संध्याकाळी तिनं ओढ्यातून पहिला दगड आणला.

घर हलवायचं म्हणजे वा साक्काला बोलवावं लागतं. वा म्हणजे काका. पण तो आता कुणाचा काका राहिला नव्हता, सगळ्यांचा आजोबा झाला होता. कुठल्या खांबाला कुठं वेळू बांधायचा, आधी कुठला कोपरा उचलायचा, हे त्याला विचारूनच होई. तो आला, खांबांवर बोटांची पेरं वाजवत फिरला आणि घराखालच्या बाजेवर बसून त्यानं लवंगेची सिगरेट पेटवली.

"सुबैदाचं अंगण बघून आलो," तो म्हणाला. "उतार आहे. दगड नीट बसवावे लागतील."

"दगड आणून झालेत, वा."

"कुणी आणले?"

"मी."

"सुबैदाकडे तर एकही दिसला नाही."

हादेरानं हनुवटीनं दाखवलं. शेतांच्या पलीकडे दोन ताड उभे होते. खाली उडवी होती.

वा साक्कानं वळून तिकडे पाहिलं.

"आणि नाभीच्या खांबाचा दगड कोण बसवणार होतं? तुझं मांजर?"

"तो तुमच्यासाठी ठेवलाय. बाकीचेही बसवायचेच आहेत. मी नुसते लपवलेत."

"सानुसीला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं नाही."

"विचारणार कसा? त्याला वाटतं, उत्तर त्यालाच माहीत आहे."

"मग तुम्ही सांगा त्यांना."

"मी कशाला सांगू? मी घर उचलणारा. घर धनिणीचं, दिशा धनिणीची." त्यानं राख झटकली. "पण ऐक. भाताच्या खाचरात घर ठेवलंस की खाचराचा मधला भाग मेला. पावसात पाणी जिन्याला लागेल. बेडूक ओरडतील, मागनं साप येतील. हवं म्हणून तीस वर्षं झुरलीस आणि मिळालं की त्याच्याच उरावर बसणार?"

"दुसरं काय करू? मी तिथं नुसती उभी राहिले तर मला बाजूला करता येतं. घराला येत नाही."

"वेडी झालीस, म्हातारे."

"थकलेय, वा."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोक्यावर, जिथं पाटीच्या चुंबळीनं केस झिजले होते, तिथं त्याची नजर थांबली.

"तुझ्या लग्नात मी जिन्यावर उभा होतो," तो म्हणाला. "वरून तिसरी पायरी. ऐकलंय मी."

शुक्रवारी पहाटे तो खाचरात गेला आणि एकट्यानं दगड मांडले. दोरी लावून रांगा सरळ केल्या, मधला दगड सगळ्यांत शेवटी बसवला, वर पेंढा पसरला. हादेरा घरात सामान काढत होती. पातेली, आरसा, तांगकेचं बंद पडलेलं घड्याळ, माळ्यावरच्या भाताच्या पेंढ्या. सुबैदा मदतीला आली होती. धाकटी असून तिच्या तोंडाचा पट्टा थोरलीसारखा चाले.

"अंगण झाडून ठेवलंय," सुबैदा म्हणाली. "कोंबड्यांचं खुराडंही सरकवलं. तुझं घर कडेला बसेल. मात्र तुझं हे घड्याळ आणू नकोस हं. मेलेलं घड्याळ मला चालायचं नाही."

"नाही आणत."

"आणि तोंड असं काय? बहिणीकडे येतेयस, तुरुंगात नाही."

हादेरानं तिला जवळ ओढलं, काही क्षण तशीच धरली आणि सोडली. हे त्यांच्यात कधी घडत नसे.

नमाज सुटली आणि माणसं आली. सानुसीनं शब्द पाळला होता. मोटरसायकलींची रांग लागली. पोरं, बाप्ये, शेजारच्या वाड्यांतले पाहुणे, सानुसीच्या जमिनी अर्धेलीनं कसणारे सगळे. खांबांना आडवे वेळू बांधले गेले होते. माणसं वाकून घराखाली शिरली आणि आपापली जागा धरून उभी राहिली. मधोमध नाभीच्या खांबाशी सानुसीनं पांढरी टोपी काढून खिशात ठेवली आणि वेळू खांद्यावर घेतला.

"पुआंग, तुम्ही राहू द्या," कुणीतरी म्हणालं.

"का? हजला जाऊन खांदा मऊ होतो का?"

घराखाली हशा पिकला. पिकल्या केसांचा एकजण ओरडला, "इंदो, जेवायला काय आहे ते आधी सांग, मग उचलतो!"

"चिकट भात आणि मासे. बारोंको वाफवलेत, केळ्यांचे."

"किती?"

"तू उचलशील तेवढे."

"मग मी दोन्ही खांदे लावतो!"

घरधनिणीनं तांदळाचं मडकं पांढऱ्या फडक्यात गुंडाळून पुढं चालायचं असतं. मागं बघायचं नसतं. घर तिच्या मागून येतं. हादेरानं मडकं कडेवर घेतलं. वा साक्का तिच्याशेजारी उभा राहिला, हात वर केला आणि हाक दिली. घराखालून सगळ्यांचा एकच हुंकार आला. लाकूड कण्हलं. मग पाठीमागं हवा मोकळी झाल्यासारखी वाटली, आणि तिला कळलं, घर जमिनीवर नाही.

ती चालू लागली. रस्त्याच्या तोंडाशी आली. डावीकडे सुबैदाचं अंगण होतं. झाडलेलं, स्वच्छ, खुराडं बाजूला.

"उजवीकडे," वा साक्का ओरडला.

पावलं अडखळली.

"वा, वाट चुकली!" घराखालून आवाज आला.

"वाट मी बघतोय. तू खाली आहेस, पाय बघ."

घराखालच्या माणसाला काही दिसत नाही. पुढच्याची पाठ दिसते आणि जमीन दिसते. ती जमीन आता रस्त्याची राहिली नव्हती. बांध ओलांडताना घर एकदा कलंडलं आणि सावरलं. मग पावलांखाली वाळल्या धसकटांचा करकर आवाज येऊ लागला.

"ही शेतं आहेत," सानुसीचा आवाज आला. "कुठं नेताय? हादेरा! कुठं चाललीस?"

तिला वाटलं होतं, हे शब्द मोठ्यानं म्हणताना छाती धडधडेल. धडधडली नाही. मडकं जड झालं होतं, तेवढंच तिला जाणवलं.

"माझ्या मेहराकडे," ती म्हणाली. वळली नाही.

करकर चालूच होती. पण मंद झाली होती. सानुसीची जमीन कसणारे कितीजण खाली आहेत हे हादेराला माहीत होतं. एकेक खांदा निसटू शकत होता. ती तशीच चालत राहिली. थांबली असती तर पुन्हा पाऊल उचललं गेलं नसतं.

"खाली ठेवा," सानुसी म्हणाला. "घर खाली ठेवा."

अर्ध्या वाटेत टेकवलेलं घर लाजारेत पुन्हा उचलत नाहीत. ते तिथंच मोडतात, आणि ज्यानं टेकवायला लावलं त्याचं नाव त्या जागेला पडतं. हे घराखालच्या प्रत्येकाला माहीत होतं. सानुसीलाही माहीत होतं.

"पुआंग," मघाचा पिकल्या केसांचा माणूस म्हणाला. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "तुमच्या खांद्यावर नाभी आहे. तुम्ही सोडा, मग आम्ही ठेवतो."

हादेरा ऐकत होती. करकर पूर्ण थांबली. घर हवेत होतं, माणसं श्वास टाकत होती, कुठंतरी कोंबडा आरवला. मग कुणीतरी कुरकुरत म्हणालं, "आमच्या आईनं पातेली घासली होती त्या लग्नात. अजून सांगते दोन ताडांचं." आणि दुसरा म्हणाला, "पुआंग, ठरवा काय ते. खांदा चाललाय माझा."

सानुसीनं काय ठरवलं ते त्यानं सांगितलं नाही. एक पाऊल वाजलं. घराच्या मधोमध, एकाच माणसाचं. मग बाकीची सगळी वाजली.

वा साक्कानं पायानं पेंढा बाजूला केला. दगड ओळीनं मांडलेले होते. हाक झाली, घर उतरलं. मधला खांब आधी टेकला, मग कोपरे. कुठं खटका नाही, कुठं तिरपेपणा नाही.

माणसं वाकून बाहेर आली. खांदे चोळत, एकमेकांकडे न बघता. मग कुणीतरी भाताबद्दल विचारलं आणि सगळे एकदम बोलू लागले. सुबैदा पातेलं घेऊन शेतातून धापा टाकत आली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"मला सांगायचं तरी!" ती हादेराच्या कानाशी फुत्कारली. "मी खुराडं सरकवलं!"

"कोंबड्यांना मोकळं झालं."

"तुझी जीभ झडो." ती डोळे पुसत भात वाढायला गेली.

एक दगड जास्तीचा होता. वाटेत एखादा फुटला तर म्हणून हादेरानं आणलेला. तो ताडाखाली पडला होता आणि सानुसी त्याच्यावर बसला होता. सदरा खांद्यावर फाटला होता. आत कातडी सोलली होती. जवळ कुणी गेलं नव्हतं. आधी वडीलधाऱ्याला वाढायचं असतं. हादेरानं कॉफी आणि बारोंको नेऊन त्याच्यासमोर धरले.

"खांद्याला तेल आणू, पुआंग?"

"नको."

त्यानं कॉफी घेतली. हळूहळू प्यायला. दोघं घराकडे पाहत होते. खाचराच्या मधोमध ते मोठं दिसत होतं आणि थोडं वेड्यासारखं. लावणीला आता कडेकडेची पट्टी उरली होती.

"मी कधी नाही म्हटलं होतं का?" तो म्हणाला.

"नाही, पुआंग."

"मग?"

तिच्याकडे या प्रश्नाचं उत्तर होतं. तीस वर्षं होतं. पण ते सांगायला आता श्वास लागला असता, आणि तिच्याकडे तो फारसा नव्हता. तिनं रिकामा पेला घेतला.

सानुसी उठला. टोपी खिशातून काढून झटकली. जाण्याआधी त्यानं कडेच्या पट्टीकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. हादेरा थांबली. दर वर्षी याच चेहऱ्यानं तो बी सांगायचा. ती सवयीनं वाट पाहत राहिली.

"पाण्याला घराखालून वाट ठेव," तो म्हणाला. "नाहीतर खांब कुजतील."

आणि तो बांधावरून निघून गेला. चालताना एक खांदा खाली झुकला होता.

माणसं पांगली. वा साक्कानं शेवटची फेरी मारली, नाभीच्या खांबावर पेरं वाजवली आणि गेला. सामान अजून जुन्या जागी पडलं होतं. ते आणायला हवं होतं, चूल मांडायला हवी होती. हादेरा जिना चढली. घर रिकामं होतं. तिनं पुढची खिडकी उघडली. इथून जुनी जागा दिसत होती. उघडी जमीन, दगडांचे खळगे, त्यांत दाणे टिपणारी सुबैदाची कोंबडी.

तिनं मडकं नाभीच्या खांबाशी ठेवलं आणि शेजारी कळकाच्या पट्ट्यांवर आडवी झाली. गादी भरायची राहून गेली होती. खाली पेंढा होता, तिचाच. उठून आणावा, असं तिला वाटलं. ती उठली नाही.